अर्ध्यावर आटवलेलं पाणी

१२ जानेवारी

ताई,

नमस्कार करते. पाय मागे घेऊ नकोस. गेल्या खेपेला घेतले होतेस, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तू माझा फोन उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर "राँग नंबर" म्हणून ठेवून देतेस. अगं, तुझा आवाज मला कळणार नाही होय? म्हणून शेवटी हे पत्र.

आम्ही बरे आहोत. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. हे निवृत्त झाल्यापासून दिवसभर स्वयंपाकघरातले डबे लावत बसतात, त्यामुळे मला माझ्याच घरात मीठ सापडत नाही. परवा चहात हिंग पडला. तरी म्हणतात, "बघ, किती व्यवस्थित झालं."

आमच्या ऑफिसची गंमत ऐक. या वर्षात ते बंद होणार. जिल्ह्याच्या बैठकीत साहेब म्हणाले, तुमच्या भागातून तक्रारीच येत नाहीत, म्हणजे लोकांचं आरोग्य उत्तम आहे. तक्रार करणार कुठे मेले? ऑफिसचा फोन पावसाळ्यापासून मुका आहे! नर्सबाई सकाळी पोरांना लस टोचते आणि दुपारी त्याच पिशवीतून टॉर्च काढून हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासते. मी विहिरींचे नमुने घेते, संडासाच्या टाक्यांना परवानगी देते, आणि कुत्रं चावलं तरी लोक माझ्याच टेबलापाशी येऊन पाय दाखवतात. एक ना धड, भाराभर चिंध्या. फ्रिज एकच, त्यात वर लसी आणि खाली पाण्याच्या बाटल्या. आता तोही तालुक्याला जाणार. मागे राहणार दारावरची पाटी.

गेल्या आठवड्यात तुझा लेक ऑफिसात आला होता, बाळाचा जन्मदाखला न्यायला. मुलगी झाली म्हणे. तू कळवलं नाहीस, ते असू दे. मला फार आनंद झाला, मी त्याला पाणी द्यायचंसुद्धा विसरले. सूनबाई अजून तिच्या आईकडे आहे, महिनाअखेरीस येईल, असं म्हणाला. मग जरा घुटमळला आणि म्हणाला, "आई म्हणते, या वेळी बाळ हिच्या हातात द्यायचंच नाही. दूधपाणी सगळं मी बघणार."

ताई, पहिलं बाळ दोन महिन्यांचं होऊन गेलं तेव्हा तू आलेल्यागेलेल्यांसमोर म्हणालीस की सुनेच्या रक्तातच खोट आहे. ती पोर मोरीपाशी उभी होती. तिने ऐकलं. मी तिच्याकडे बघत होते म्हणून सांगते.

त्याच दिवशी मी तुझ्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं आणि तू मला दाराबाहेर काढलंस. "घरात मरण झालंय आणि ही नमुने घेतेय!" बरोबर होतं तुझं. मी तुझ्या जागी असते तर बाटली फोडली असती. पण मी त्या बाळाची नखं पाहिली होती गं. राखाडी-निळी. डॉक्टर म्हणाले जन्मतःच हृदय कमजोर असेल, आणि सगळ्यांनी मान डोलावली. मला ते पटेना.

आमच्या ऑफिसात फक्त जंतू तपासता येतात. तुझ्या पाण्यात एकही सापडला नाही. बाकीचं तपासायचं तर शहरातली मोठी लॅब लागते, आणि तिथे नमुना पाठवायला साहेबांची सही लागते. साहेब म्हणायचे, एका घरातलं एक मरण, त्यासाठी कशाला? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्यांचं उत्तर प्रत्येक गोष्टीला. मी मागे लागले, भांडले, शेवटी त्यांनी वैतागून सही केली. काल उत्तर आलं.

विहिरीचं पाणी वाईट आहे, ताई.

आता नीट वाच. चढावर ज्या कोंबड्यांच्या शेड आहेत ना, त्यांची विष्ठा वर्षानुवर्षं खड्ड्यात साठते आहे. ती जमिनीतून झिरपत तुझ्या विहिरीत उतरते. त्यातून एक क्षार येतो, लॅबवाले नायट्रेट म्हणतात. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. तुला-मला त्याने सहसा काही होत नाही. पण तान्ह्या बाळाचं रक्त त्याने बिघडतं, अंगाला श्वास पुरत नाही. ओठ आणि नखं निळी पडतात. आईच्या दुधावरच्या बाळाला ही भीती नसते. तुमचं बाळ डब्याच्या दुधावर होतं, आणि ते दूध त्या पाण्यात कालवलं जायचं.

पुढचं लिहायला माझा हात धजत नाही. तीनदा उठले, खिडकी लावली, परत उघडली. यांनी विचारलं, काय शोधतेस? मीठ, म्हटलं.

जंतू उकळल्याने मरतात. हा क्षार मरत नाही. पाणी उडून जातं आणि तो तेवढाच्या तेवढा खाली राहतो. आपली आई तान्ह्यासाठी पाणी अर्ध्यावर येईपर्यंत आटवायची, आणि तू तिच्याहून काटेकोर. मी स्वतः पाहिलंय तुला, पातेल्यावर खूण करून उभी राहायचीस. अर्ध्यावर आलं की ते पाणी त्या क्षाराने दुप्पट कडक होतं. तू जितकी काळजी घेतलीस तितकं ते वाईट होत गेलं. आमच्याच ऑफिसची पत्रकं गावभर सांगत फिरतात, पाणी उकळून प्या. तुला उलटं कोण सांगणार होतं?

तू काही केलं नाहीस, ताई. ओरडून सांगावंसं वाटतं. पण सुनेनेही काही केलेलं नाही.

हे मी तुझ्या लेकाला फोनवर सांगू शकले असते. घरच्या फोनचा रिसीव्हर उचललाही होता. पण त्याने हे आधी माझ्याकडून ऐकलं तर तो तुझ्याकडे कोणत्या नजरेने बघेल? म्हणून ठेवून दिला. त्याला तू सांग. सुनेलाही तूच सांग, तुझ्या तोंडून ऐकू दे तिला. बाळ यायला अजून अवकाश आहे, तोवर तुझं तू सावरून घे.

विहिरीचं पाणी बाळाच्या दुधात घालू नकोस, उकळून तर मुळीच नको. बाजारातलं सीलबंद पाणी आणा. माझ्याकडून नेलंत तरी चालेल. शेडवाल्यांचं काही होईल याची आशा ठेवू नकोस. नोटीस काढायला ऑफिस लागतं, आणि त्याचं काय होणार ते मी वर लिहिलंच.

मला शिव्या घाल, पण एवढं कर.

तुझ्या उंबऱ्याबाहेर उभी असलेली,
धाकटी


२१ जानेवारी

धाकटे,

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, कोंबडी नाचून गेल्यासारखं. चहात हिंग पडल्याचं वाचून मी एकटीच किती वेळ हसले. घरात हसायला येऊन बरेच दिवस झाले होते.

खरं सांगू? पत्र सगळं नाही वाचलं. सुनेचं लिहिलंस ते गिळलं. मग "विहिरीचं पाणी वाईट आहे" इथवर आले आणि कागद मिटून कपाटात ठेवले. पुढे मला बोलच लावलेले असणार. बाबांनी खणलेली विहीर ती, ऐकवत नाही गं. पण राग गेला माझा. तू पोटतिडकीने लिहिलंस हे काय मला कळत नाही? तुला घराबाहेर काढलं ते चुकलंच माझं.

आणि ताई ऐकत नाही असं म्हणू नकोस. पाणी वाईट म्हणतेस ना, मग वाईट. पूर्वी अर्ध्यावर आटवायचे, आता पातेल्यात पाव उरेपर्यंत हलत नाही तिथून. गॅस जळतो तर जळू दे.

बाळ लवकरच आलं. सुनेच्या आईला बरं नाही, म्हणून लेक दोघींना तेरा तारखेलाच घेऊन आला. सुनेचं दूध पुरत नाही, म्हणून डब्याचंच देतो. मी स्वतः कालवते, स्वतः पाजते, कुणाला हात लावू देत नाही. गुणी आहे पोर, रडतच नाही फारशी. कालपासून ओठ जरा निळसर दिसतात. थंडी मेली मी म्हणते आहे, म्हणून लोकरीची टोपी विणायला घेतली आहे.

उरलेलं पत्र तू आलीस की तूच वाचून दाखव. सवडीने ये, घाई नाही.

तुझी,
ताई