मनगटाला मनगट

सर, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला लिहितेय ते भीतीपोटी. डावा डोळा काचबिंदूनं गेला. उजव्याचं ऑपरेशन उद्या सकाळी आहे. आहे तेवढी नजर वाचवायचा प्रयत्न करू, एवढंच डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून साधा चहाचा कप ओट्यावर ठेवतानाही आधी हातानं कड चाचपते.

हर्सूलच्या विहाराच्या हॉलमध्ये तुम्ही विंग चुन या चिनी झुंजीच्या विद्येची गोष्ट सांगितली, ती संध्याकाळ आठवते. पहिली पाळी करून तुम्ही तसेच आलेले, अंगावर कंपनीचा शर्ट. एका भिक्षुणीनं म्हणे सारस आणि सापाची झुंज पाहून ही विद्या बसवली, आणि एका मुलीला शिकवली. जबरदस्तीनं लग्न करू पाहणाऱ्या गुंडाला त्या मुलीनं लोळवलं. "खरं का खोटं, मला ठावं नाय," तुम्ही म्हणालात, "कलकत्त्याला माझ्या चिनी उस्तादानं सांगितलं ते सांगतो. जोराला जोर लावायचा नाय. छातीची मधली रेघ सोडायची नाय." मग एकेकीनं तुमच्या मनगटाला मनगट लावून, डोळे मिटून सराव. समोरचा हात कुठं निघालाय ते कातडीनं ओळखायचं. एकीनं डोळे उघडले तर तुम्ही म्हणालात, "बघूनच लढायचं तर घरी आरशापुढं लढ." मी मात्र कधी चुकले नाही. वर्षभरानं एकदा तुम्ही वर्ग मध्येच थांबवलात. "हिच्याकडं बघा. हिला डोळ्याचं कामच नाय." तुमचं ते वाक्य मी घरात इतकं मिरवलंय की आता सगळे त्यावरच मला धीर देतात.

आज दुपारी लेकीनं स्वयंपाकघरात माझ्या मनगटाला मनगट लावलं. "आई, तू कशाला घाबरतेस? मिट डोळे." मी मिटले. तिला हे मीच शिकवलंय, तेही अर्धंमुर्धं. तरी तिचा हात सरळ माझ्या छातीवर येऊन टेकला आणि मला कळलंच नाही. "मुद्दाम सोडलंस ना?" ती हसत म्हणाली. मी हो म्हणाले.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून सांगते. मुद्दाम नव्हतं सोडलं. त्या अख्ख्या वर्षात मी एकदाही डोळे पुरते मिटले नव्हते, सर. पापण्यांच्या फटीतून मला तुमचं कोपर दिसायचं. अंधाराची भीती वाटायची, तेव्हासुद्धा. आज दुपारी पहिल्यांदा मिटले.