मिशीआडून

आबा,

लिहितो, लिहितो म्हणत उन्हाळा गेला. मधे लोणंदला कांद्याच्या बाजारात राहिलो, तिथून वडूजला एका दोस्ताकडं, त्याच्या मेंढ्या… ते असू दे. सांगायचं ते हे, की तुम्ही गेल्यावर माझ्या कानामागं ऑपरेशन झालं. आत इम्प्लांट, बाहेर मशीन. ऐकू येतं, पण काय येतंय ते कळत नाही. आई, कंडक्टर, टीव्ही, सगळे पत्र्याच्या डब्यातून एकाच आवाजात बोलतात.

इथं सांगलीत एक बाई ऐकायला शिकवतात. तोंडापुढं परीक्षेचा पॅड धरून बोलतात आणि म्हणतात, आता सांग. मला साताऱ्याकडचा आपला ओटा आठवतो. तापात माझे कान गेले आणि तुम्ही पलटणीत वाढवलेली मिशी उतरवली, पोराला ओठ दिसावेत म्हणून. गावाला वाटलं, घरात कोणीतरी गेलं. बायका तोंडाला पदर लावून दारात उभ्या, आणि तुम्ही सगळ्यांना चहा पाजताय. तात्या, तुमचा धाकटा भाऊ, स्वतःच्या मिशीला पीळ देत काहीतरी बोलले. मला कुठलं दिसायला? तुम्हीच नंतर सांगितलंत, "म्हणतोय, पोरासाठी उद्या भुवया बी उतरवशील." तेव्हापासून तात्यांशी माझं बोलणंच नाही. भांडण नव्हतं, त्या झुडपाआडचं काही दिसायचंच नाही.

तुमचा आवाज मात्र डोक्यात होता, ताप यायच्या आधीचा. आता मशीन लावलं की तोही पत्र्याचा होतो. मग ते काढून खिशात टाकतो आणि भटकतो. जेवण नको वाटतं, उगाच छातीत धडधडतं. बाई म्हणाल्या, कानासारखंच मनही थकतं, त्याच्याही डॉक्टरांकडं जाऊ, मी येते सोबत. मी हो म्हणालो आणि लोणंदची गाडी पकडली. परत आलोय खरा, पण मशीन लावत राहायचं की कायमचं कपाटात टाकायचं, ठरतच नाही. लावलं तर तुमचा आवाज जातो, टाकलं तर ज्यासाठी तुम्ही मिशी उतरवलीत ते लोकांचं बोलणं जातं; दोन्हीकडं तुम्हीच हातातून सुटल्यासारखे वाटता.

हे लिहायला आज लावलंय. पेन कागदावर केवढं खरखरतं, तुम्हाला माहीत होतं का हे?

आत्ताच पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "जेवलास का रं?"

"न्हाई," म्हणालो आणि मग वळलो. दारात तात्या, गावाहून आलेले. मिशीसकट. ओठांचा पत्ता नाही.

आई म्हणते, तुम्हा दोघा भावांचा आवाज एकच. खरं का, आबा? मला तर पत्र्याचाच लागला. पण मशीन अजून काढलं नाही. ते चपला काढतायत. हे पत्र इथंच राहू दे.