चिंगीसाठी कुणी पडायचं?

विनू,

काल रविवारी मी तुझी फोनातली टीम खेळवली आणि हरले. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जायच्या आधी मीच सांगते. तो तुझा दोस्त नवीन तिखटमीठ लावून सांगेल. त्याला तिकडं यायला अजून पुष्कळ वेळ आहे म्हणा, पण त्याच्या जिभेचा मला भरवसा नाही.

चपात्यांची ऑर्डर आज उशिराची आहे, म्हणून लिहायला बसलेय. माझी शाळा चौथीतच सुटली हे तुला माहीत आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस. आणि वर 'प्रिय' लिहिलं नाही म्हणून रुसू नकोस. मी लग्न होऊन निपाणीला आले तेव्हा तू एका हातानं चड्डी सावरत दुसऱ्या हातानं डब्यातला गूळ काढत होतास. त्या ध्यानाला 'भावजी' म्हण, असं सगळ्या बायका मला सांगत होत्या. मी तेव्हाच म्हटलं, हे काय जमायचं नाही. प्रियचंही तसंच समज.

तू गेल्यापासून तुझा फोन टीव्हीशेजारी पडून होता. तुझा दादा तो रोज चार्जिंगला लावायचा. कशाला लावता म्हणून विचारलं तर म्हणायचा, "असू दे की." मग मागच्या पंधरवड्यात तुझा तो ऑफिसातला दोस्त नवीन घरी आला. महादेवपुऱ्याच्या ऑफिसातनं थेट आमच्याकडे, उपाशी. त्याला जेवायला वाढलं. तो आपल्याशी कन्नडच बोलतो, मी इथं मराठीत लिहितेय.

"अक्का, फोन माझ्याकडं दे," म्हणाला. "विनूची टीम मी चालवतो. अशीच पडून राहिली तर वाया जाईल."

मी म्हटलं, "ने की. कुणी धरलंय?"

"पण चिंगी बदलावी लागंल."

माझा हात भाताच्या पातेल्यातच राहिला. चिंगी बदलायची? मग टीम कुणाची राहिली?

तो समजवायला लागला. नवा सीझन आलाय, नियम बदललेत, आता चिंगीपेक्षा चपळ जनावरं आलीत. सगळे हल्ली तो लांब शिंगांचा राक्षस ठेवतात. चिंगी आता स्वल्प जुनी झाली, म्हणाला.

मी म्हटलं, "जुनी तर मीही झालेय. मलाही बदल."

तुझा दादा ताटात बघून हसला. तू गेल्यानंतर पहिल्यांदा हसला असेल.

खरं सांगू? तुझा हा खेळ मला कधीच पटला नव्हता. तुझ्या हाताला सुया टोचलेल्या, ते रक्त गाळायचं मशीन शेजारी घरघर करतंय, आणि एका हातानं तुला फोन पेलवेना, म्हणून मी स्टुलावर बसून तो धरायची. तू सांगशील ते दाबायची. "वहिनी, निळं दाब. आता खालचं. आता थांब." इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण रंग कळत होते. दोन-तीन महिन्यांत मला सगळी सहा जनावरं तोंडपाठ झाली. पोरांची नावं विसरेन, ती नाही विसरायची.

चिंगी तुझी लाडकी. काडीसारखी, पंखांची, एक फटका बसला की संपली. पण तिला एकदा नाचू दिलं की तिची ताकद दुप्पट व्हायची, आणि मग ती समोरच्यांना एकामागून एक झाडून काढायची. तुम्ही तिला स्वीपर म्हणायचात. बाकीच्या पाचांचं काम काय, तर तिच्यासाठी मैदान मोकळं करायचं. दगडू समोरच्याच्या पायाखाली काटे पेरणार. घुबड मार कमी लागावा म्हणून पडदा धरणार. आणि ती फुगलेली बेडकी पुढं उभी राहून सगळ्यांचा मार खाणार.

"ह्या बेडकीचं नाव काय रे?" मी विचारलं होतं.

"वाच की, लिहिलंय."

"मला इंग्रजी येतंय का, भाड्या?"

"वहिनी."

"काय?"

"अगं तेच नाव आहे. वहिनी."

तुझा सुई लावलेला हात सोडून मी दुसऱ्या दंडाला असा चिमटा काढला होता की नर्स बघायला आली. आठवतंय का?

मी तेव्हा तुला म्हटलं होतं, एकीनं नाचायचं आणि पाचांनी मरायचं, हा कसला खेळ? तू म्हणालास, "आपल्या घरासारखाच आहे की. दादानं शाळा सोडली, तू लोकांच्या चपात्या लाटल्यास, आणि मी कॉलेजात नाचलो." बोलून झालं आणि लगेच म्हणालास, "वहिनी, स्वल्प कॉफी दे की." तुला पाणीसुद्धा मोजून होतं. मी नाही म्हटलं. मग मी डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेले की समोरच्या खाटेवरच्या आजोबांच्या थर्मासातली प्यायचास. मला वास यायचा. ते आजोबा सगळं कबूल करायचे, तू मात्र शेवटपर्यंत नाही.

असो. मी नवीनला सांगितलं, एक डाव मला खेळू दे. चिंगीनं काही करून दाखवलं तर ती राहील. हरली तर तू म्हणतोस तो शिंगांवाला घाल, मी चकार शब्द काढणार नाही.

"सरी, अक्का," म्हणाला. बरं म्हणाला, पण तोंडावरचं हसू दाबून, ते मला दिसलं.

मग काल बसवनगुडी, तुमचा रविवारचा अड्डा. सर्जापूर रोडवरच्या घरापासनं तिथं जायचं म्हणजे गावाला जाऊन आल्यासारखं. दर्शिनी हॉटेलाच्या वरची ती खोली तू इतकी वर्णन करून सांगायचास, मला वाटलं केवढं मोठं काय असेल. चार टेबलं आणि एक पंखा, तोही कुरकुरणारा. खालून सांबाराचा वास. तुझ्यासारखीच चष्मेवाली माणसं, पोटं सुटलेली, बायका-मुलं असलेली, आणि हातात फोन घेऊन राक्षस लढवतायत. मी पदर खोचून आत गेले तर एकजण उठून म्हणाला, "अक्का, पार्सल खाली मिळतं."

नवीन म्हणाला, "पार्सल न्यायला नाही, ती खेळायला आलीय. विनूची वहिनी."

मग एकानं खुर्ची दिली. दुसऱ्यानं पंखा माझ्याकडं वळवला. तुझी खुर्ची कुठली ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती दिली असती, आणि मग माझ्यानं बसवलं नसतं.

समोर शिंगांचा राक्षस घेऊन बसलेला एक तरणा माणूस होता, बोलायला नरम. डाव सुरू झाला. दगडूनं काटे पेरले आणि पडला. घुबडानं पडदा धरला, तेही गेलं. बाकीची दोनही तशीच गेली. सगळं तू शिकवलंस तसंच चाललं होतं. समोरच्याचेही पडत होते. बेडकी पुढं उभी राहिली आणि मार खात राहिली. तिचा जीव एवढासा उरला, लाल रेघ.

आता काय करायचं ते मला ठाऊक होतं. ह्या खेळात आपलं एखादं पडलं की त्याच्या जागी पुढचं येतं ते फुकटात येतं, त्याला फटका बसत नाही. पण जिवंत असलेल्याला मागं घेऊन दुसरं पुढं काढलं, तर येणाऱ्याला येतानाच एक फटका खावा लागतो. म्हणजे बेडकीला पडू द्यायचं आणि मग चिंगीला आणायचं. सरळ आहे. पोरगंही सांगेल.

नवीन मागं उभा होता. हळूच म्हणाला, "अक्का, जाऊ दे तिला."

माझं बोट त्या बटणावर होतं. आणि दाबवेना. आता तू म्हणशील, स्वतःचं नाव आहे म्हणून. नाही रे. स्वतःला पाडायला मला काय वाटतंय? पण ते नाव तू ठेवलेलं. हसत ठेवलेलं. तू ठेवलेल्या किती गोष्टी राहिल्यात आता?

मी बेडकीला मागं घेतलं. चिंगी पुढं आली आणि येतायेताच तिला फटका बसला. अर्धी झाली.

तरी नाचली. मग काय नाचली रे ती. त्या शिंगांवाल्याला एका तडाख्यात खाली घातलं. त्याच्या मागचाही गेला. खोलीतली माणसं खुर्च्या सोडून माझ्या मागं येऊन उभी राहिली. शेवटचा एकच उरला, उंदरासारखा, त्याला आधी मारायचा कसलासा डाव येतो. त्यानं नुसतं टिचकी मारल्यासारखं मारलं. धडधाकट असती तर चिंगीला कळलंही नसतं. अर्धी होती म्हणून पडली. मागं उरली होती ती फक्त लाल रेघेवरची बेडकी. एका टिचकीत तीही गेली. म्हणजे मला पाडायचं टळलंच नाही, नुसतं उशिरा झालं.

मी फोन नवीनपुढं धरला. "घे. बोलले होते. काढ चिंगीला."

त्यानं हात पुढं केला नाही. तोंडावर हात ठेवून उभा होता. मला वाटलं हसतोय. बघते तर डोळे पुसतोय आणि हसतोयही.

"अक्का," म्हणाला, "सेम टू सेम. विनूही असाच हरायचा."

"कसा?"

"सगळ्यांना पाडायचा. बेडकीला नाही. ती लाल रेघेवर आली की मागं घ्यायचा आणि चिंगीला मारात आणायचा. आम्ही ओरडायचो, अरे पाड, पाड, जिंकतोयस. ऐकायचा नाही."

"का?"

नवीन म्हणाला, "तो म्हणायचा, वहिनीला पाडून जिंकलो, तर घरी जाऊन जेवायला कुठल्या तोंडानं बसू?"

गाढवा. हे मला मशीनशेजारी बसून का नाही सांगितलंस? इतके दिवस फोन धरून माझा हात अवघडत होता, आणि तू मला फक्त निळं दाब, लाल दाब एवढंच सांगत होतास.

मी तिथं रडले नाही. लोक होते. खाली येऊन कॉफी घेतली, नवीननं बाय-टू करून आणली. अर्धी त्याची, अर्धी माझी. तो म्हणाला, "चिंगीत खोट नाही, अक्का. ती धड आली असती तर आजही जिंकली असती. मी चुकलो. खोट बेडकीत आहे. म्हणजे बेडकीत पण नाही." मी म्हटलं, "कळलं मला. कॉफी पी."

घरी आले तर तुझा दादा दारातच. "काय झालं? जिंकलीस काय हरलीस?"

"हरले."

"मग चिंगी?"

"राहतीय."

"आणि हरून कशी राहतीय ती?"

मी त्याला नवीननं सांगितलेलं सगळं सांगितलं. तो ऐकून आत गेला, नळ सोडून बराच वेळ तोंड धूत बसला. मग बाहेर येऊन म्हणाला, "जेवायला वाढ." आणि जेवताना म्हणाला, "त्यानं माझं नाव कुणाला ठेवलं होतं?" मी म्हटलं, "दगडूला." त्याला ते पटलं. खरंखोटं मला माहीत नाही, तूच बघ.

आता मुद्द्याचं. मी टीम बदललीय. ओरडू नकोस, चिंगी आहे तिथंच आहे, टीम तिच्याच भोवती आहे. बेडकीला काढलंय. टाकली नाही, आतल्या पेटीत ठेवलीय, तिथं तिला कुणी मारत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी बसवून ठेवलंय, बसू दे. जोवर ती पुढं उभी असेल तोवर ना तुला जिंकता आलं, ना मला येणार.

तिच्या जागी एक रेडकू घेतलंय. पोट सुटलेलं, केस डोळ्यांवर, तोंड कायम झोपेतनं उठल्यासारखं. मार खाऊन हलत नाही असं नवीन म्हणाला. नाव इंग्रजीत टाकावं लागतं, ते मी त्याला फोनवर एकेक अक्षर विचारून टाकलं. विनू.

होय. आता मार तू खायचा. लई दिवस आम्ही खाल्ला.

आणि एक वचन देते. लाल रेघ आली की मी तुला मागं घेणार नाही. पडू देईन. बोट आखडणार नाही. खऱ्या वेळी आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, बटणही नव्हतं. इथं मी स्वतः दाबीन, आणि तुझ्या जागी चिंगी धडधाकट येईल आणि नाचेल. मग डाव संपला की पुढच्या रविवारी तू परत उभा, त्याच झोपाळू तोंडानं. तुझ्या ह्या खेळात तेवढंच एक मला पटलंय.

खाली ऑर्डरवाल्याचा हॉर्न वाजतोय. पीठ भिजलंय. उठते.

आणि विनू, त्या आजोबांच्या थर्मासातली कॉफी तू प्यायचास, हे आता तरी कबूल कर.

तुझी,
वहिनी (बेडकी नव्हे)