परतूरची बंदी

मंगळवार, संध्याकाळ

पासवर्ड सारखा चुकला की आमच्या लॅबचा सर्व्हर समोरच्याला हल्लेखोर समजून त्याचा प्रवेश आपोआप बंद करतो. आज परतूरच्या दवाखान्याचाच बंद केला. मी बंदी काढायचो, ती पुन्हा लागायची. का? तिथं एक बाळंतीण रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबलेली. शेवटी तिथल्या सिस्टरला फोन लावला.

"बराबरच टाकून राह्यले, दादा! तुमचं मशीनच येडं झालंय."

"ताई, कीबोर्ड मराठीवर तर न्हाई?"

तिनं बघितलं. मंग म्हणाली, "हाय. पासवर्डचे नुसते ठिपकेच दिसतेत ना. पण आता काय उपेग? बाईला तसंच जालन्याला हलवलं."

बंदी सैल करावी? खरे चोरही रोज येतात. सैल केली नाही. चुकलेलं माणूस आणि चोर, मशीनला सारखेच. मला?

त्या बाईसाठी देवापुढं हात जोडले. बाईचं नाव विचारलंच नव्हतं.