कल्चरला टाकलंय

३ जून, बीड
सरकारी दवाखाना. एक्स-रेत छातीवर डाग. थुंकीची पहिली तपासणी धड आली न्हाई. डॉक्टर मॅडम म्हणल्या, "कल्चरला टाकू. तोवर टीबी हाय असंच धरून चाल. मास्क लाव. लहान लेकरापासून लांब राहा." मी मान हलवली, जसं काय सगळं कळलं. बाहेर येऊन उसाचा रस पिलो. कल्चर म्हणजे काय, इचारलंच न्हाई. निकालाला लई दिवस लागतेत म्हणे.

मागच्या महिन्यात अक्काकडं मुक्कामाला होतो. तिचं पोरगं माझ्याच छातीवर झोपायचं.

४ जून, चौसाळा
दोस्ताच्या, इरफानच्या गॅरेजात पडलोय. दार सताड उघडं ठेवलं, त्याला म्हणलं गरम व्हतंय. मग इचारलं, कल्चर म्हणजे काय रे? "अबे गॅदरिंग. नाचगाणं. कल्चरल प्रोग्राम." मला एकच कल्चर ठाव: पेरणीआधी गुळाच्या पाण्यात कालवून सोयाबीनच्या बियाला चोळतेत ती काळी भुकटी. दाजी दरसाल चोळतेत.

मोबाईलवर बघितलं तर तिसरंच. थुंकीतले जंतू बाटलीत ठेवतेत, खायला देतेत, ऊब देतेत. वाढले तर टीबी. म्हणजे कुठंतरी एका बाटलीत माझा खोकला लेकरासारखा जपायलेत.

५ जून
पालीला तळ्यावर गेलतो. कशाला, ठाव न्हाई. बगळे बघत बसलो. मग परत मोबाईल. संस्कृती, शेती, जंतू, सगळ्याला एकच शब्द कावून? तर लॅटिन म्हणून जुनी भाषा, तिच्यातनं आलाय. मूळ अर्थ नांगरणं. जपणं. एका जागी वस्ती करून राहणं. देवाची पूजाबी त्यातच. हा शब्द आधी नुसता रानाला लावायचे. मग माणसाच्या डोक्याला लावला, शिकून मशागत झालेलं डोकं म्हणून. जंतूंना लई मागून लागला. वाचता वाचता भीती जरा मागं सरली.

वस्ती करून राहणं. बारावी सोडल्यापासून मी कुठंच टिकलो न्हाई. आन् हे जंतू माझ्यात…

६ जून
अक्काचा फोन. शुक्रवारी जावळ. "न्हाव्याला सांगितलंय. मामाच्या मांडीशिवाय व्हत न्हाई आन् मामा तू एकलाच. पळालास तर सासूबाई जन्मभर ऐकवतील." म्हणलं, बघतो. "बघतो काय? उंडारायला जाताना बघत न्हाईस!" मागं पोरगं खोकललं. कधीपासून? "झाले दोन दिस. कूलरचं हाय ते." पुढं ती काय बोलली, ध्यानात न्हाई.

इरफानला सगळं सांगून टाकलं. वाटलं, बाहेर काढील. त्यानं पाना खाली ठेवला. "मास्क वर कर बे. आन् बहिणीला आजच सांग." म्हणलं, सासू तिला टोचून खाईल, माहेरचा रोग आणला म्हणून. "खाऊ दे. म्हातारीच्या बोलण्यानं पोरगं मरत न्हाई."

लावला फोन. दाजींनी उचलला. म्हणलं, पाऊस हाय का तिकडं? आन् ठेवला.

९ जून
केजच्या जीपमधी जाऊन बसलो. पळायचंच होतं. केजहून पुढं कुठंबी. जीप भरेना. एक बाई तान्हं लेकरू घेऊन शेजारी येऊन बसली. उतरलो.

१२ जून, शुक्रवार. अक्काचं गाव
मास्क लावून आलो. आतून सासूबाई, "मामा आले का? पाट मांडा गं." अक्का फाटकापर्यंत पळत आली, पोरगं पुढं केलं. "तोंडाला काय बांधलंस चोरावानी? धर." पोरानंबी हात पसरले. मी माझे हात पाठीमागं घेतले.

सांगितलं. डाग, टीबी असंल, निकाल यायचाय. पोराला आजच दवाखान्यात दाखव. तिनं पोराला एकदम छातीशी धरलं. म्हणली, "तू त्याचे मुके घेतलेस." एवढंच. आत गेली.

दार लावलं न्हाई. आधी दाजींचा आवाज आला, मग सासूबाईंचा, लई मोठा. मी फाटकाबाहेर बाभळीखाली बसून हे लिहायलोय. जाऊ का थांबू, कळंना.

न्हावी बाहेर आला. "मामा, पाणी निवायलंय. बसायचं का न्हाई?"

आत पोरगं खोकललं. आमी दोघांनीबी तिकडं बघितलं.