टॉर्विक खोऱ्यात इंटरनेट आणणारा मी

३ फेब्रुवारी
आजपासून खोऱ्याचं नशीब माझ्या हातात! एकोणीस घरं आणि इंटरनेट शून्य. कंपन्या म्हणतात, एवढ्याशा वस्तीसाठी केबल कोण टाकणार? टाकू नका. मी हवेतून आणतो. शहरातल्या टॉवरचा सिग्नल शेजारीण लव्हॉन सॉर्बीच्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या उंच कोठीवर, डिश लावून पकडायचा, तिथून घराघरांत सोडायचा. सोपं आहे.
मुख्य म्हणजे मार्लिसची सोय. हृदयाच्या डॉक्टरांसाठी बिचारी दर महिन्याला नव्वद मैल बर्फातून गाडी हाकते. डॉक्टर व्हिडिओवरही तपासतात म्हणे. तिला योजना सांगितली. म्हणाली, छान, आधी पायऱ्यांवरचा बर्फ काढ. बायकोला दूरदृष्टी नाही.

७ फेब्रुवारी
चर्चच्या तळघरात सभा. पन्नास मिनिटं बोललो. ठराव एकमताने मंजूर. (तिघं झोपले होते, पण विरोधात नव्हते.) शेवटी लव्हॉनने विचारलं, सायलोवर चढणार कोण? म्हटलं, तपशील नंतर.

१५ फेब्रुवारी
मध्ये झाडं आड येतात का, याची तांत्रिक पाहणी केली. बाहेर उणे वीस, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून, दुर्बिणीने. फांद्यांतून सगळं आरपार दिसतं. पाहणी पूर्ण.

२ मार्च
चढलो! ऐंशी फुटांपैकी निदान नऊ. मग लक्षात आलं, एवढ्या मोठ्या कामाला खालून नजर ठेवणारा माणूस हवा. लव्हॉन, वय एकाहत्तर, नवऱ्याचा जुना डगला चढवून वर गेली. वरून ओरडली, ऑर्व्हिल, पाना कुठाय? पाना माझ्या खिशात. ती उतरली, पुन्हा चढली. चढताना बरंच बोलली. वाऱ्यामुळे लिहिण्यासारखं काही ऐकू आलं नाही.

२० मार्च
लागलं! लागलं!! एकोणीसच्या एकोणीस घरांत! मार्लिस आपल्याच खुर्चीत बसून डॉक्टरांशी बोलली, पायांत घरातल्या सपाता. डोळे पुसत होती. मीही पुसले, पण चष्मा पुसायच्या निमित्ताने. माझा पुतळा उभारतील का? नको म्हणेन. एकदाच.

१२ मे
सकाळी ८ : सिग्नल मंद. सूर्यावरचे डाग.
सकाळी ९ : सीमेपलीकडच्या कॅनडाचाही हात असावा.

१४ मे
साफ बंद, तेही मार्लिसच्या तपासणीच्या मधोमध. गोळी वाढवायची की कमी करायची, हे सांगायला डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि पडद्यावर तसेच थिजले. मार्लिसने गाडीची किल्ली घेतली. नव्वद मैल.
लव्हॉन आली. म्हणाली, अरे शहाण्या, बाहेर बघ, पानं फुटलीत. हिवाळ्यातली बोडकी झाडं बघून पाहणी केलीस होय रे? एवढ्या ओल्या पानांतून सिग्नल जाईल कसा?
निसर्गाने दगा दिला. माझं गणित बरोबरच होतं.

१६ मे
तोडगा सापडला! हंगामी इंटरनेट! ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात तसंही लोक शेतातच असतात. पत्रक लिहायला घेतलं. मार्लिसने विचारलं, माझं हृदयही ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवू का?
पत्रकाचा दुसरा मसुदा सुरू केला.

२९ मे
पत्रकाचा आठवा मसुदा. भाषा झकास जमतेय. मार्लिस आणि लव्हॉन रोज टेकडीवर फिरायला जातात. मोकळी हवा बरी. लॅपटॉप कशाला नेतात, कळत नाही.

४ जून
पत्रक वाचून दाखवायला सभा बोलावली. कोणी आलं नाही. सगळे टेकडीवर. जाऊन पाहतो तर तिथल्या पाण्याच्या टाकीवर दुसरी डिश बसवत होते. लव्हॉन वर, मार्लिस खालून लॅपटॉप बघत सांगतेय, डावीकडे, अजून थोडं, बास! सिग्नल झाडांच्या डोक्यावरून थेट घरांत. तिथल्या तिथे सहकारी संस्था काढली, मार्लिस अध्यक्ष. शेवटी माझ्याच मार्गदर्शनाला फळ आलं. पत्रक खिशात ठेवलं.

९ जून, सकाळी १०
फक्त आमच्याच घरी बंद! कट आहे. संस्थेच्या मदत क्रमांकावर कडक फोन केला. कृपया थांबा म्हणाले. मग संगीत लागलं. स्वयंपाकघरात मार्लिसही कानाला फोन लावून तेच गुणगुणत होती.
मग नाव विचारलं. सांगितलं. स्पेलिंग विचारलं. बेचाळीस वर्षं ती तेच आडनाव लावते.
मग विचारलं, प्लग लावलाय का?
आता लावला.