परवडणाऱ्या घरातली न चालणारी गाडी

ती. वन्सं,

पाया पडते. गुडघा अजून वाकत नाही म्हणून कागदावरच पडते. तुम्ही तिकडून हात वर केलात की आशीर्वाद पोचेल. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जिवात जीव आला. आता सगळं स्वच्छ दिसतं म्हणता, तर भाऊजींकडे एकदम बघू नका, हळूहळू सवय करा. त्यांचा खोकला कसा आहे? (तो त्यांच्या आधी खोलीत येतो, एवढं मला आठवतं.) मी बरी आहे. जेवते, झोपते, वाचते. अधूनमधून दुपारी सवयीने दोन कप चहा टाकते आणि मग दोन्ही मलाच प्यावे लागतात. त्याने पित्त होतं, बाकी काही नाही.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न होते. घर पूर्ण झालं का, आणि गाडीचं काय ठरवलंस. भाऊजींना एक चांगला भंगारवाला भेटलाय, तो स्वतः येऊन साखळी लावून गाडी ओढून नेईल, मला बोटही लावावं लागणार नाही, हे वाचलं. गाडी तुमच्या नावावर आहे, तेव्हा भाऊजी न विचारताही ती नेऊ शकले असते, हे मी विसरलेले नाही. (गाडी घेतली तेव्हा आमच्याकडे राहण्याचा पुरावा नव्हता. खोलीचा मालक पावती देत नव्हता, आणि पुरावा नसलेल्या माणसाला गाडी चालवता येते, घेता येत नाही. म्हणून तुमचं नाव लागलं.) तर तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते एका ओळीत मावत नाही. टेकून बसा आणि वाचा.

घर बांधून झालंय. पूर्ण झालेलं नाही. या दोन गोष्टींत किती फरक असतो ते मला पालिकेने शिकवलं. भिंती आहेत, छप्पर आहे, दार उघडतं आणि लागतं, पण राहण्याचा दाखला मिळेपर्यंत ते घर नाही, नुसतं बांधकाम आहे, आणि बांधकामाला नळ देत नाहीत. त्यामुळे मी सध्या माझ्या बांधकामात स्वयंपाक करते, बांधकामात झोपते आणि शेजारच्या शिवणवाल्या ताईंच्या नळावरून पाणी आणते. त्यांचं घर आहे. त्यांना दाखला मिळालाय. कसा मिळाला ते पुढे येतंच.

वसाहतीचं नाव 'परवडणारी घरे' असं आहे. भूखंड स्वस्त, कारण ते लहान. आणि नियम मोठे, कारण ते मुळात बंगलेवाल्यांसाठी केलेले. नवे करायला कुणाला सवड नव्हती, म्हणून थोरल्याचा कोट धाकट्याच्या अंगावर चढवावा तसे तेच आमच्यावर चढवले. रस्त्याच्या बाजूने इतकी जागा मोकळी सोडा, मागे इतकी, दोन्ही कुशींना इतकी. याला सामासिक अंतर म्हणतात. हवा खेळावी म्हणून असतं. हवा खेळून झाली की उरलेल्या जागेत घर बांधायला पूर्ण मुभा आहे. नकाशे काढणाऱ्याने आमच्या भूखंडावर सगळी अंतरं सोडून दाखवली तेव्हा मधे काहीतरी बारीक उरलं. मी त्यावर बोट ठेवून विचारलं, हा डाग कसला? म्हणाला, "वहिनी, हेच तुमचं घर."

त्या डागातून पुन्हा वाहनतळ कापायचा होता. प्रत्येक भूखंडावर एका चारचाकीपुरती जागा सोडलीच पाहिजे, असा नियम आहे. ज्याच्याकडे चारचाकी आहे तो परवडणाऱ्या घरासाठी रांगेत कशाला उभा राहील, असं आमच्या गल्लीतल्या पाववाल्याने पालिकेच्या खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं. कारकून शांतपणे म्हणाला, गाडीची सक्ती नाही, गाडीच्या जागेची आहे. पाववाला पुढचे तीन दिवस ज्याला त्याला हेच वाक्य ऐकवत होता, आणि त्याच्या त्या दिवसांच्या पावात मीठ जास्त पडलं. सगळी वसाहत संतापली होती. एकटा तुमचा भाऊ खूश. तुम्हाला माहीतच आहे, जिथे सगळे डोकं धरून बसलेत तिथे तुमचा भाऊ पेढे वाटायला निघायचा. म्हणाला, "बघ, आपण आधी बेघर होतो, आता गाडीसुद्धा घरात राहणार." गाडी तेव्हा बंद पडून वर्ष झालं होतं, हे त्याच्या दृष्टीने किरकोळ. नकाशात त्याने स्वतःच्या हाताने गाडीचं चित्र काढलं, दिव्यांसकट. पुढे पाया खणायच्या आधीच हे गेले. नकाशात गाडी तेवढी राहिली. नकाशा मंजूर झालेला, आता बदलता येत नाही.

तर घरं उभी राहिली आणि पालिकेला शंका आली. लोक म्हणे कागदावर वाहनतळ दाखवतात आणि तिथे चूल मांडतात. (मांडतात. शिवणवाल्या ताईंनी तिथे मशीन मांडलं होतं. माणूस मोकळ्या जागेचं दुसरं काय करणार, तिला घेऊन फिरायला जाणार?) म्हणून नवा हुकूम निघाला: पाहणीच्या दिवशी वाहनतळावर वाहन उभं दिसलं पाहिजे, तरच दाखला. पाहणीला एक निरीक्षक येतात. त्यांच्या पट्ट्याला मोजायची टेप अडकवलेली असते आणि बोलता बोलता ते ती बाहेर ओढतात नि सोडतात, सर्रकन आत जाते. आम्ही त्यांना टेपसाहेब म्हणतो. माणूस वाईट नाही. एकदा त्यांनी माझ्या न्हाणीघराची लांबी मोजली आणि खालच्या आवाजात स्वतःशीच "अरे बापरे" म्हणाले.

आता अख्ख्या गल्लीत चारचाकी एकच, ती माझ्या दारात, आणि तीही न चालणारी. आधी शिवणवाल्या ताई आल्या. पदराला बोटं गुंडाळत म्हणाल्या, "वहिनी, एका दुपारपुरती द्याल?" मी म्हटलं, "ती चालत नाही." म्हणाल्या, "साहेबांनी उभी दिसली पाहिजे असं म्हटलंय. चालली पाहिजे असं कुठे म्हटलंय?" हे खरं होतं. मी नियमावली तीनदा वाचलीय. (वाचून हसू नका. मी शाळेत गेले नाही, अक्षरं मी या गाडीतच शिकले. यांच्या बाजूच्या सीटवर बसायचं आणि दुकानांच्या पाट्या वाचायच्या. पाटी मोठी असली की हे गाडी हळू करत, आणि अडले की थांबवतच. मागचे हॉर्न वाजवत, नाही नाही ते बोलत, हे काच वर करून म्हणत, "होऊ दे तुझं." एका 'स्त्रीरोगतज्ज्ञ' अशा पाटीपाशी आम्ही इतके दिवस थांबलो की चौकातला पोलीस आम्हाला ओळखीचं हसू लागला. नियमावली त्यामानाने सोपी आहे. समजत नाही, पण वाचता येते.)

मग काय, गाडी ढकलली. पाववाला मागून, समोरच्या घरातले पोस्टमनकाका बाजूने, मी आत स्टिअरिंग धरून. शिवणवाल्या ताईंना दाखला मिळाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पाववाल्याची पाळी. तेव्हा ताईंच्या मनात आलं की तीच गाडी पुन्हा दिसली तर साहेबांना ओळखू येईल, म्हणून त्यांनी पडद्यांच्या उरल्या कापडाचा एक झगा शिवला आणि गाडीला घातला. फुलाफुलांचा. पोस्टमनकाकांच्या वेळी निळा, सुताराच्या वेळी चौकडीचा. टेपसाहेब येत, झग्याचा कोपरा उचलून चाक बघत, टेप ओढत, सोडत, सही करत. गाडी घरोघर जाऊन बसत होती. मला नवल वाटलं नाही. तिचा मालकही जिवंतपणी स्वतःच्या घरी कधी सापडला नाही, कायम कुणाचं तरी अडलेलं काम काढायला गेलेला. सगळी गल्ली दाखलेवाली झाली आणि शेवटी पाळी माझी आली.

ताईंनी माझ्यासाठी नवा झगा शिवायला घेतला होता, जरीच्या काठाचा. मी म्हटलं, राहू द्या. माझ्या दारात माझ्या माणसाची गाडी, तिला कशाला झाकायचं? पुसून काढली, काचा घासल्या. टेपसाहेब आले. गल्ली जमली होती, कारण सगळ्यांना माझ्या दाखल्याची काळजी. साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या दाराचा पोचा बघितला, पुढच्या दिव्याची चीर बघितली आणि टेप न ओढताच म्हणाले, "बाई, ही गाडी मी फुलांच्या झग्यात पाहिलीय. निळ्यातही पाहिलीय. पोचा हाच होता. चाकाला एक नट कमी होता, हाच." आणि मग मला एकटीला: "तुम्हीसुद्धा उसनी आणलीत?"

वन्सं, मी मागे वळून बघितलं. शिवणवाल्या ताई नखं बघत होत्या. पोस्टमनकाकांना आभाळात काहीतरी दिसलं होतं. पाववाल्याने एवढा मोठा श्वास घेतला आणि तो परत सोडलाच नाही. मी नुसतं 'माझी आहे' म्हटलं असतं, तर बाकी सगळ्यांनी काय केलं हे त्याच वाक्यात आलं असतं. म्हणून म्हटलं, "हो साहेब. उसनी आहे." खोटंही बोलले नाही. नावावर तुमच्याच आहे ना?

म्हणजे बघा. माझ्या गाडीवर सगळ्या गल्लीला दाखले मिळाले, आणि माझ्या गाडीवर मला मिळाला नाही. टेपसाहेब बाकीच्यांचे दाखले रद्द करणार नाहीत, कारण मग एकच गाडी आपण इतक्या घरांतून मोजली हे त्यांना स्वतःच्या हाताने वर लिहून पाठवावं लागेल. त्यांनाच माझी दया आली. म्हणाले, "बाई, एवढा खटाटोप कशाला केलात? एकट्या विधवेकडे वाहन नसेल तर वाहनतळाची सूटच आहे. महिनाअखेरपर्यंत तसं लिहून द्या, ही गाडी जिथून आणली तिथे पाठवा, आणि त्या जागेत खोली बांधा की." गल्लीने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की पाववाला पुन्हा जिवंत झाला. सगळे एकदम बोलू लागले. वहिनी, खोली! वहिनी, खिडकी रस्त्याच्या बाजूला घ्या! सुताराने तिथल्या तिथे पावलांनी जागा मोजली आणि पलंग कुठे लागेल ते दाखवलं. एका सहीत दाखला, नळ आणि वर खोली. इकडे भाऊजींचा भंगारवाला साखळी घेऊन तयारच. इतकं सगळं जुळून आलेलं मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. भाऊजींना सांगा, तुम्ही म्हणत होता तेच खरं, त्या गाडीत आता काही उरलं नाही. सीट फाटलीय, छतातून पाणी गळतं, आरसा फिरवला की हातात येतो. माणसाने किती दिवस लोखंड सांभाळायचं.

डोळ्यांत औषध वेळच्या वेळी घाला, ऊन टाळा. भाऊजींना नमस्कार.

तुमची धाकटी
भावजय

ता. क. भंगारवाल्याला पाठवू नका.

दुसरा ता. क. सूट देणारं ते कलम मला टेपसाहेबांनी सांगण्याआधीच माहीत होतं. तिन्ही वेळा वाचलं होतं. 'वाहन नसलेली विधवा' असं त्यात लिहिलंय. मला वाटलं ही दुसरी कुणीतरी बाई, म्हणून तिन्ही वेळा पान उलटलं. आता लिहून द्यायला बसले. पेन घेतलं, माझं नाव लिहिलं, 'विधवा' लिहिलं (ते आता एका दमात लिहिता येतं), आणि 'वाहन नाही' इथे अडले. जोडाक्षर एकही नाही, तरी अडले.

तिसरा ता. क., आणि पत्र खरं याच्यासाठी लिहिलं. वन्सं, माझं एक काम करा. गाडी तुम्ही मला दिलीत असं दोन ओळींत लिहून सही करून पाठवा. भाऊजींचीही सही घ्या, साक्षीदार म्हणून. खोकत केली तरी चालेल. मी ती चिठ्ठी टेपसाहेबांना दाखवीन आणि सांगीन, साहेब, ज्यांच्याकडून उसनी आणली होती त्यांनीच ती मला देऊन टाकली. मग साहेबांना दाखल्यावर सही करावी लागेल, त्यांच्याच नियमात बसतं. खोली राहू दे. तुम्ही आलात की गाडीच्या मागच्या सीटवर झोपा, माझ्या पलंगापेक्षा लांब आहे. महिनाअखेरच्या आत पाठवा. तुम्ही नाही म्हणालात तर माझा इलाज नाही, गाडी तुमची आहे. पण नाही म्हणायचं असेल तर पत्राने कळवू नका, इथे येऊन, गाडीत बसून म्हणा.

चौथा ता. क. दाखल्यासाठी वाहनतळाच्या भिंतीवर पाटी हवी असाही एक नियम निघाला, तेव्हा सुताराने फळी दिली आणि मी स्वतः रंगवली: 'ही जागा वाहनासाठी राखीव'. गाडी बरोबर तिच्याकडे तोंड करून उभी आहे. संध्याकाळी मी बाजूच्या सीटवर जाऊन बसते आणि ती वाचते. घाई नसते. मागून कुणी हॉर्न वाजवत नाही.